उताराने भरून आलेल्या मांड्या आणि कॅप्सूलचा डबा

पत्र असं आहे:

«डॉक्टर, नमस्कार. मी ४४ वर्षांची. पुण्यात कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून ग्रुपबरोबर धावते आणि यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं आहे. त्यासाठी दर रविवारी वेताळ टेकडी, कधी सिंहगड असा सराव सुरू केला. धावताना काही होत नाही. सोमवारपासून मात्र मांड्या भरून येतात आणि मंगळवारी शाळेचा जिना कठडा धरून, अंग तिरकं करून उतरावा लागतो. चढताना एवढा त्रास नाही. गुरुवार येईपर्यंत दुखणं जातं. ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने मला कॅप्सूलचा डबा दिला आहे. त्यात हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, अश्वगंधा आणि शल्लकी आहे. महिन्याचे अठराशे रुपये. ती स्वतः घेते, विकतेही. मी आठ दिवस घेतल्या, फार फरक जाणवला नाही. सासूबाई म्हणतात, कशाला पैसे घालवतेस, हळद-दूध पी आणि गंधपुऱ्याचं तेल चोळ. सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्या रोज रात्री तेच चोळून गरम पिशवीने शेकतात. सासऱ्यांची हृदयाची झडप बदलली आहे, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी असते. आमच्या ह्यांचं म्हणणं, होमिओपॅथीची अर्निका घे. मला थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. हे सगळं नैसर्गिकच आहे, तर घ्यायला हरकत नाही ना? यातलं नेमकं काय घेऊ? – क., पुणे»

ताई, नमस्कार.

तुमच्या मांड्यांकडे मी येतेच, पण पत्रातली एक ओळ मला आधी उचलावीशी वाटते. सासऱ्यांच्या गुडघ्यांना गंधपुऱ्याचं तेल लावणं आजपासून थांबवा. त्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी कोणती ते पाकिटावर पाहा. झडप बदललेल्यांना बहुतेक वेळा वॉरफरिन किंवा त्याच जातीची गोळी असते. गंधपुऱ्याच्या तेलात जवळजवळ सगळं मिथिल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. ते कातडीतून रक्तात उतरतं, आणि वर शेक दिला की जास्त उतरतं. वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने असं मलम किंवा तेल रोज चोळलं, की रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांची आयएनआर तपासणी (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी) या आठवड्यात करून घ्या आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तेलाबद्दल सांगा. हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप उठणारे निळे डाग, काळी शी, यांतलं काही दिसलं तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी घेऊन जा. गुडघ्यांना तिळाचं साधं तेल लावा. सासूबाईंच्या हातांची माया त्यातूनही पोहोचेल.

त्याच बाटलीबद्दल आणखी एक. पाच मिलिलिटर गंधपुरा तेलात साधारण सात ग्रॅम सॅलिसिलेट असतं. नेहमीच्या ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीस-एकवीस गोळ्या एका चमच्यात. लहान मूल एवढं प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. घरात नातवंडं येत-जात असतील तर बाटली कपाटात वर, कुलपात ठेवा. न्यू यॉर्कमध्ये २००७ साली १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा शवचिकित्सेत कारण निघालं मिथिल सॅलिसिलेट. दुखऱ्या पायांना चोळायच्या मलमांचा तिने अति वापर केला होता. तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा चार थेंब पोटरीला लावलेत तर त्याने काही होणार नाही. फक्त धावून आल्याआल्या, घामेजलेल्या गरम कातडीवर नको, वरून शेक नको, आणि एकाच दिवशी तेल, स्प्रे, बाम असं तिन्ही नको.

आता तुमचे पाय. तुमच्या पत्रातच निदान लिहिलेलं आहे. रविवारी धावलात, सोमवारी सुरू झालं, मंगळवारी शिगेला पोहोचलं, गुरुवारी गेलं, आणि त्रास चढताना नाही, उतरताना. ही उताराची अंगदुखी आहे. चढावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतारावर तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो. घाट उतरणाऱ्या एसटीचे ब्रेक तापावेत तसं ते काम आहे. त्यात स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते, मग तिथे दाह येतो आणि दुरुस्ती सुरू होते. या साऱ्याला वेळ लागतो म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. पुष्कळजण सांगतात की पायात लॅक्टिक ॲसिड साचतं. ते खरं नाही. धावणं थांबवल्यावर तासा-दीड तासात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं, मंगळवारपर्यंत त्यातलं काही उरलेलं नसतं.

साताऱ्याची शर्यत तर नेमकी अशीच आहे. आधी यवतेश्वरचा घाट चढायचा, आणि मग तोच रस्ता उतरत परत यायचं. चढाने दमलेल्या मांड्यांवर दहा किलोमीटरचा उतार. तेव्हा तुम्ही उताराचा सराव करताय हे अगदी योग्य आहे. आणि स्नायूंचा एक गुण तुमच्या बाजूने आहे: एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बराच कमी दुखणं घेऊन सोसतो. प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुठल्याही कॅप्सूलने मिळालेला आराम याच्या जवळपासही जात नाही.

मग तुम्हाला हा फायदा अजून का मिळत नाही? पत्रावरून माझा अंदाज असा की एका रविवारी टेकडी, पुढच्या रविवारी एकदम सिंहगड, असं चाललंय. मात्रा दर वेळी उडी मारते. सिंहगड उतरणं ही वेताळ टेकडीच्या कितीतरी पट मोठी मात्रा आहे. पुढचे तीन रविवार फक्त टेकडी ठेवा. पहिल्या रविवारी उतारावर दहा मिनिटंच धावा, बाकीचा उतार चालत या. दुसऱ्या रविवारी पंधरा, मग वीस. पावलं आखूड आणि भरभर पडू द्यात, पाय शरीराच्या फार पुढे जाऊन टाचेवर आपटू नये, आणि घाबरून मागे रेलू नका, कारण मागे रेललं की सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. मधल्या दोन दिवशी घरच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू, तीन आकडे मोजत, जमिनीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. हा छोटा व्यायाम उताराचीच तालीम आहे. शर्यतीआधीचे दहा-बारा दिवस मात्र मोठा उतार पूर्ण बंद, म्हणजे साताऱ्याला पाय ताजे असतील.

कॅप्सूलच्या डब्यात चार वनस्पती आहेत आणि चौघींची गोष्ट वेगळी आहे.

अश्वगंधा तुम्ही घेऊ नका. मुळीच नको. तुम्हाला थायरॉइडची गोळी चालू आहे. थायरॉइड किंचित मंद असलेल्या लोकांवर आपल्याकडेच २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रोज ६०० मिलिग्रॅम अश्वगंधा आठ आठवडे दिल्यावर थायरॉइडची संप्रेरकं वाढली आणि थायरॉइड मंद असताना वाढलेलं असतं ते टीएसएच उतरलं. जी व्यक्ती गोळी घेत नाही तिच्यासाठी ही कदाचित चांगली बातमी असेल. तुमचा डोस मात्र डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मोजून-मापून बसवला आहे. त्यावर हा अदृश्य डोस चढला तर धडधड, हात कापणं, झोप उडणं, वजन उतरणं सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल की सराव जास्त झाला. शिवाय अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. स्नायूंबद्दलचा जो अभ्यास तुमच्या मैत्रिणीने दाखवला असेल, त्याची मलाही माहिती आहे. २०१५ चा आहे, ५७ तरुण पुरुषांचा, आणि ते जिममध्ये वजनं उचलत होते. चाळिशी ओलांडलेल्या, थायरॉइड असलेल्या, घाट उतरणाऱ्या बाईबद्दल तो काही सांगत नाही. अश्वगंधेला मी वाईट म्हणत नाही. वैद्य नाडी बघून, चालू औषधं विचारून, काही आठवड्यांसाठी देतात तेव्हा ते औषध असतं. मैत्रिणीने ग्रुपमध्ये वाटलेल्या डब्यातून येते तेव्हा कुणीच काही विचारलेलं नसतं.

हळदीबद्दल माझं मन जास्त मोकळं आहे, कारण तिच्या बाजूने थोडा पुरावा खरोखर आहे, आणि तोही उताराच्या धावण्याचा. स्पेनमध्ये २० पुरुषांना उतारावर धावायला लावून एक चाचणी झाली होती. ज्यांना रक्तात सहज उतरेल असा बनवलेला कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याचा, अर्क दिला होता, त्यांच्या मांड्यांच्या पुढच्या बाजूला दुखणं कमी होतं. आणखीही लहान-लहान चाचण्या आहेत, बहुतेकींचा सूर असाच: दुखणं थोडं कमी, ताकद परत येण्यात फारसा फरक नाही. वीस-वीस माणसांच्या चाचण्या आहेत, एवढं लक्षात ठेवायचं.

पण डब्यातली हळद आणि स्वयंपाकघरातली हळद यांच्या मात्रेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साध्या हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं. सांगलीच्या बाजारातून आलेली असो वा कुठलीही, अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद दुधात घातली तर पोटात जातं पंचेचाळीस मिलिग्रॅम. वर्ध्याकडची वायगावची हळद घेतली, जिच्यात ते प्रमाण जवळपास दुप्पट असतं, तरी नव्वद. एका कॅप्सूलमध्ये साधारण पाचशे असतं, आणि जोडीला मिरीचा अर्क. मिरीचं कारण असं: बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतलं तिखट द्रव्य पिपेरिन २० मिलिग्रॅम सोबत दिलं तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन वीस पट जास्त उतरतं. तेव्हापासून जगभरच्या डब्यांत मिरी आली. पिपेरिन हे करतं ते आतड्यातली आणि यकृतातली, परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा एकट्या हळदीसाठी नसते. रक्तदाबाच्या, फिटच्या, रक्त पातळ करणाऱ्या कितीतरी गोळ्यांची विल्हेवाट तिथेच लागते, आणि मग त्यांचाही अंमल वाढतो. आमटीतल्या चिमूटभर मिरीने हे होत नाही, रोजच्या अर्काने होऊ शकतं.

यकृताबद्दलही सांगायला हवं. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलशी जोडलेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतला एक दगावला. लाखो लोक या कॅप्सूल घेतात, तेव्हा धोका फार थोड्यांना आहे हे उघड आहे, आणि एका विशिष्ट जनुकाच्या लोकांत तो जास्त दिसतो. पण ते जनुक आपल्यात आहे की नाही, हे तुम्हा-आम्हाला कळायचा सोपा मार्ग नाही. आठ दिवस घेतल्यात म्हणून घाबरायचं कारण नाही. बंद करा. पुढच्या काही आठवड्यांत भूक मेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद किंवा डोळे पिवळे वाटले तर यकृताची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना डबा नेऊन दाखवा. डबा टाकून देऊ नका, एवढ्यासाठीच.

शल्लकी म्हणजे आपल्या सातपुड्यात, मेळघाटात वाढणाऱ्या सालईचा डिंक. गुडघ्याची झीज झालेल्यांत तिचा उपयोग दिसला आहे. तुमच्या मांड्यांत झीज नाही. तुमच्यासाठी तिचं काम नाही.

अर्निकाचा प्रश्न तर धावपटूंवरच तपासला गेला आहे. लंडनमध्ये १९९८ साली सुमारे चारशे लांब पल्ल्याच्या धावपटूंना अर्ध्यांना अर्निकाच्या आणि अर्ध्यांना दिसायला तशाच साध्या गोळ्या दिल्या, कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शर्यतीनंतरच्या दुखण्यात अर्निकामुळे काही फरक पडला नाही. त्या गोळ्यांनी अपाय होणार नाही. पण पैसे आणि भरवसा दोन्ही दुसरीकडे ठेवा, असं ह्यांना माझ्या नावाने सांगा.

तुमच्या डब्यात जे नाही त्याबद्दल मी उलट जास्त बोलेन: सुंठ. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात २०१० मध्ये लोकांना रोज दोन ग्रॅम आलं अकरा दिवस दिलं आणि मग दंडाचे स्नायू मुद्दाम दुखतील असा व्यायाम करायला लावला. दुसऱ्या दिवशीचं दुखणं साधारण पाव हिश्श्याने कमी निघालं. कच्चं आलं आणि शिजवलेलं आलं, दोन्हींचा परिणाम सारखाच. एकदाच व्यायामानंतर घेतलं तर उपयोग नाही, रोजच्या खाण्यात असेल तर आहे. दोन ग्रॅम सुंठ म्हणजे सपाट चमच्याएवढी. सकाळच्या चहात थोडी, रात्रीच्या दुधात थोडी, बाकी आमटी-भाजीत आलं. पोटात जळजळ होत असेल तर निम्मं करा. हळद-दुधाला माझा मनापासून होकार आहे. त्यात सुंठ घाला, झोपण्याआधी प्या. तुमची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी होते, तेव्हा रात्रीच्या दुधाची तिला अडचण नाही.

इथे थायरॉइडचाच आणखी एक धागा. शेवटचं टीएसएच कधी केलंत? पत्रात नाही. गोळी कमी पडत असली तर स्नायू जास्त दुखतात, पेटके येतात, धावल्यानंतर भरून यायला जास्त वेळ लागतो. सहा महिने उलटले असतील तर करून घ्या, आणि त्याच रक्तात ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही बघा. चाळिशीतल्या धावणाऱ्या बायकांत थकव्याचं मूळ कितीदा तरी रक्तक्षयात सापडतं. अठराशे रुपये खर्चायचेच असतील तर या तपासण्यांवर खर्चा.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक असणार. रविवारी धावून आल्यावर पोहे आणि चहावर भागवू नका. सोबत दोन अंडी, किंवा मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ आणि दही. दुपारी पोटभर जेवण, रात्री लवकर झोप. सोमवारी पूर्ण विश्रांती घेण्यापेक्षा वीस मिनिटं सावकाश चाला. चालताना दुखणं सैल होतं हे तुम्हालाही जाणवेल. तिळाच्या कोमट तेलाने हलक्या हाताने मालिश करून घेतलंत तर बरंच वाटेल. जोरजोरात रगडायचं मात्र नाही, आधीच दुखावलेल्या तंतूंना आणखी मार कशाला?

वेदनाशामक गोळ्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण शर्यतीच्या तंबूत कुणीतरी हातावर ठेवतंच. धावण्याआधी किंवा धावताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर फार भार टाकतात.

आणि हे मात्र वेगळं दुखणं समजायचं: नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ, एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा, पाच-सहा दिवसांनीही न ओसरणारा ठणका. यांसाठी डॉक्टरकडे जायचं, धावायचं नाही. मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर रात्री-अपरात्रीही रुग्णालयात जायचं, कारण मोडलेल्या स्नायूंतला माल मूत्रपिंड निकामी करू शकतो.

राहिली मैत्रीण. तिच्याशी वाद घालू नका. ‘माझी थायरॉइडची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी नको सांगितलं’ एवढं पुरेसं आहे, त्यावर कुणी रागवत नाही. पण डब्यावरचा मजकूर तिच्यासोबत बसून एकदा वाचा. त्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते कायद्याने अन्न आहे, औषध नाही, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असायलाच हवं. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादनाचा परवाना वेगळा असतो. दोन्हींपैकी एकही नसेल, किंवा सुट्या पुडीत चूर्ण येत असेल आणि त्याने दोन तासांत जादूसारखा आराम पडत असेल, तर त्यात गुपचूप स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शंका घ्या. असे प्रकार आपल्याकडेही आणि बाहेरही पकडले गेले आहेत.

ग्रुपमध्ये हा डबा आणखी कोण कोण घेतं ते विचारा. ज्यांना मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची कॅप्सूल घेऊ नये, कारण अश्वगंधा या तिन्हींचा अंमल वाढवू शकते. कुणाचं लवकरच ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळं बंद करावं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं. आणि एखादी गरोदर असेल किंवा राहायच्या विचारात असेल, तर उद्याच्या धावण्याची वाट न पाहता आजच फोन करून तिला हा डबा बंद करायला सांगा.